मापासाठी टोपी

इथं क्षितिज कुठं ठेवायचं एवढाच प्रश्न असतो.
बाकी सगळं आधीच ठेवलेलं.
खाली गवत, वर आभाळ,
मधे एक रेघ, लहान पोरानंही पट्टीवाचून ओढावी इतकी सोपी.
आणि वीस वर्षं झाली, माझी ती अजून
दर दुसऱ्या फ्रेममध्ये केसभर कलते.

आज तातोला बरोबर आणलं.
नेस्टर बाझ्युक, वय त्र्याऐंशी,
गारपीट विम्याच्या कंपनीत छत्तीस उन्हाळे.
सस्कॅचवानभर ढग फुटून गेले की दुसऱ्या दिवशी
चिखलात पिकअप घालत तो पोचायचा,
मोडलेल्या काड्या मोजायचा, शंभरात किती,
आणि पुराव्याला फोटो काढायचा.
प्रत्येक फोटोत त्याची टोपी. जमिनीवर. मापासाठी.
घरी तळघरात अकरा खोकी आहेत:
झोडपलेला गहू आणि टोपी,
चिरडलेलं जवस, निळ्या फुलांसकट, आणि टोपी.
एकाही फोटोत आभाळ नाही.
विचारलं होतं मी एकदा. म्हणाला,
आभाळाचा विमा नव्हता.

सीमेपासून कोसभर अलीकडे,
जिथं नांगर कधी लागलाच नाही, तिथं थांबलो.
जुलैचे साडेआठ, ऊन अजून आडवं पडलेलं.
ट्रायपॉडचे पाय रोवले. वारा.
इथं वारा पडायची वाट बघायची म्हणजे
नदीला सांगायचं, जरा उभी राहा, फोटो काढते.
गवताचा रंग कुणी विचारला तर सांगता येत नाही.
तांबूस, मग झोत फिरला की चांदीचा,
मग ओल्या कुत्र्याच्या पाठीसारखा.

डावीकडे बैलाएवढा एक दगड.
त्याचे कोपरे गुळगुळीत:
बायसननी अंग घासून घासून केलेले.
ते गेले. दगड अजून पाठ पुढं करून उभा.
त्याला मी फ्रेमबाहेर ठेवलं.
मला नुसतं मोकळं हवं असतं,
बघणाऱ्याला कळू नये
हे हातभर आहे की वीस कोस.

तातो गाडीतून उतरला, गुडघे धरत,
डास हाकलत लेन्ससमोर दहा पावलं गेला,
वाकला, वाकायला केवढा वेळ लागला त्याला,
आणि टोपी काढून गवतावर ठेवली.

'तातो, नको ना.'

'मग कळणार कसं, केवढं आहे ते?'

यावर मी काय बोलणार.
शटरची तार बोटांत होती.
तेवढ्यात वाऱ्यानं टोपी उचलली,
आधी अलगद,
दुकानदार भारी माल दाखवायला उचलतो तशी,
आणि मग दिली भिरकावून.
टोपी. पाखरू. ठिपका.
मग तेवढंही नाही.
मी दाबलं की दाबलं गेलं, आठवत नाही.

तो धावला नाही. वळला फक्त.
टोपीवाचून, उघड्या उन्हात,
मी त्याला कधी पाहिलं होतं?
भुवयांच्या वर दोन बोटं एक रेघ.
रेघेखाली भाजलेली माती,
वर कपाळ, सायीसारखं पांढरं,
साठ वर्षांत ऊन न पोचलेलं.
सरळ रेघ.
केसभरही न कललेली.

सास्काटूनच्या गॅलरीत तो मोठा फोटो लागलाय,
रुंद, रिकामा, वरच्या कोपऱ्यात एक ठिपका.
लोक नाक लावून बघतात, विचारतात,
ससाणा का हो?
मी हो म्हणते.
तातोनं हार्डवेअरच्या दुकानातून नवी टोपी घेतली,
तिच्यावर ट्रॅक्टरचं चित्र, त्याला ती आवडत नाही.

दुसरा फोटो कुणाला दाखवला नाही.
तळघरात आहे, बाराव्या खोक्यात, एकटाच.
त्यात गवत नाही, गहू नाही.
आभाळ आहे, चार बोटं रुंद,
बारीक सुरकुत्यांचं.
मापासाठी शेजारी काही ठेवलेलं नाही.